सेगुलाबाईंचा आवाज कुठे गेला

शुक्रवारी मेणबत्त्यांच्या आधी रेडिओ लागला पाहिजे, हा सेगुलाबाई झिराडकरांच्या घरातला कायदा. कारण साधं आहे. सूर्य बुडाला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस सुरू, आणि शब्बाथ सुरू झाला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कुठल्या बटणाला बोट लावायचं नाही. दिवा नाही, गॅस नाही, मोटारगाडी नाही, रेडिओ नाही. पण शनिवारी दुपारी बाराला लंडनमधल्या एजवेअरच्या छोट्या रेडिओ स्टेशनवर अर्धा तास मराठी कार्यक्रम असतो, आणि तो ऐकल्याशिवाय सेगुलाबाईंना घास गिळत नाही. मग त्यांनी वाट काढली. देवाने बटण दाबू नको म्हटलंय, चालू रेडिओ ऐकू नको असं कुठे म्हटलंय? रेडिओ शुक्रवारीच लावायचा, आवाज बेताचा ठेवायचा आणि झोपताना त्याच्यावर एक जाड टॉवेल टाकायचा. मग तो पिंजऱ्यातल्या पोपटासारखा आतल्या आत बडबडत राहतो. शनिवारी सकाळी टॉवेल उचलायचा. टॉवेलाला काही बटण नसतं.

हे सगळं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. स्टेशन तेव्हा एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर होतं. बोलणारी माणसं पिशवीत कॅसेटी घालून जिना चढायची, आणि त्यांचा दम लागलेला घरी ऐकू यायचा. कोणी चहा ढवळला तर चमचासुद्धा वाजायचा. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, सीडी गेल्या, जिनाही गेला. यंदा स्टेशनने हवेतली जुनी लहर सोडली आणि ते नुसतं इंटरनेटवर राहायला गेलं. सेगुलाबाईंचा रेडिओ त्या दिवसापासून भजी तळल्यासारखा चुरचुरायला लागला. दोन चापट्या मारून पाहिल्या, उपयोग झाला नाही.

आता कार्यक्रम करतो पुष्कर. तो बेसिंगस्टोकला राहतो. घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, कपड्यांच्या कपाटात तोंड घालून तो बुधवारीच सगळं बोलून ठेवतो आणि शनिवारी कॉम्प्युटर ते वाजवतो. सेगुलाबाईंनी त्याला एकदा विचारलं होतं, की मग शनिवारी बाराला 'नमस्कार मंडळी' कोण म्हणतं? तो म्हणाला, मीच म्हणतो काकू, पण तेव्हा मी टेस्कोत असतो. म्हणजे माणूस भाजी निवडतोय आणि आवाज एकटाच कामाला गेलाय. सेगुलाबाईंना ते आधी अशुभ वाटलं. मग लक्षात आलं, की यात आपली सोय आहे.

कारण रेडिओवर बोलायला त्यांना पूर्वी दोनदा बोलावणं आलं होतं, आणि दोन्ही वेळा शनिवार आडवा आला होता. शब्बाथला माइकसमोर कोण बसणार? आता तो प्रश्नच मिटला. आपण बुधवारी बोललो, शनिवारी यंत्र बोललं, त्यात आपलं बोट कुठे लागलं? हा निवाडा त्यांनी स्वतःच दिला आणि स्वतःच मान्य केला. पुष्कर घरी आला, फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि म्हणाला, काकू, घरच्यासारखं बोला. बाई घरच्यासारखं बोलल्या. त्याला दुसरी बॅटरी लावावी लागली.

इथवर सगळं ठीक होतं. पण ही बातमी पिनरला पोहोचली. पिनरला सेगुलाबाईंची नणंद राहते, फ्लोरा. फ्लोराबाई बँकेत होत्या, टाइपरायटरवर न बघता टाइप करायच्या, आणि हे त्या कुणाला विसरू देत नाहीत. प्रार्थनेनंतर बायका कपबशा विसळत होत्या तेव्हा त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनींचं शिक्षण चौथी. त्यांना रेडिओवर कोण बोलावतंय? फोन करून गाणं मागितलं असेल, नाव वाचलं असेल कोणी."

कपबशा विसळणाऱ्या बायका हसल्या. सेगुलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त फ्लोरावन्संना शनिवारच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. म्हणाल्या, बाराच्या आत या, कान घेऊन या.

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हल्ली रेडिओचं काय वाटेल ते पाहिजे तेव्हा ऐकता येतं. परवाच्या बातम्या आज ऐका, आजच्या उद्या ऐका, शिळंपाकं सगळं मिळतं. पण हा कार्यक्रम तसा मिळत नाही. त्यात गाणी असतात, त्यांच्या हक्कांची काही भानगड आहे, म्हणून स्टेशन तो ठेवत नाही. आला आणि गेला. म्हणजे शनिवारी बारा ते साडेबारात फ्लोराबाईंच्या कानावर सेगुलाबाईंचा आवाज पडला तर पडला. नाहीतर पिनरपासून एजवेअरपर्यंत जन्मभर हेच ऐकायचं, की झिराडकरीण थापा मारते.

म्हणून शुक्रवारी दुपारी सेगुलाबाईंनी नातीला बोलावून घेतलं. ईवा युनिव्हर्सिटीत शिकते, मराठी बोलते, पण तिच्या मराठीत टेबल कधी पुरुष असतं कधी बाई. तिने आपला एक जुना, काच तडकलेला फोन फडताळातून काढला. तीन आठवड्यांपूर्वी एलिजाकाकांना, म्हणजे सेगुलाबाईंच्या नवऱ्याला, हॉस्पिटलातून नवी कानयंत्रं मिळाली, तेव्हाही हाच फोन कामाला आला होता. त्यावरून म्हणे त्यांच्या कानांचा आवाज कमी-जास्त करता येतो. घरात कुणी केला नव्हता. काकांना जुन्या यंत्रांनी ऐकू येत नव्हतं, नव्यांनीही येत नसणार, असं सगळ्यांनी धरलंच होतं. काहीही विचारा, ते "ऐकतोय" म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे.

"आजी, रेडिओ इथे फोनमध्ये चालतो," ईवा म्हणाली, "आणि आवाज ही डबीतून येते. विदाउट वायर."

तिने मुठीएवढी एक गोल डबी टेबलावर ठेवली. डबीतून खणखणीत बातम्या सुरू झाल्या. सेगुलाबाईंनी डबीला चारी बाजूंनी निरखलं आणि विचारलं, की ही मध्येच झोपणार नाही ना? ईवाने शपथ घेतली. तारा लावल्या, चार्जिंगला ठेवलं, फोनला कुलूप घातलं, म्हणजे चुकून हात लागून बंद पडायला नको. मग मेणबत्त्या लागल्या, आशीर्वाद झाले, आणि रात्री डबीवर टॉवेल पडला. डबी लहान, टॉवेल मोठा. जाऊबाईची साडी नेसल्यासारखी दिसत होती. पण रात्रभर बडबडली. सेगुलाबाई रात्री उठून दोनदा कान लावून आल्या.

शनिवारी सकाळी एलिजाकाका चालत प्रार्थनेला गेले. सेगुलाबाई गेल्या नाहीत. त्या सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या. टेबल सरळ करायचं, वाकडं करायचं, पुन्हा सरळ करायचं. जेवण कालच करून ठेवलं होतं: तळलेलं पापलेट, चपात्या, कोशिंबीर, आणि खास आजच्यासाठी नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा. सगळं गार. शब्बाथला गारच असतं, पण आज त्यांना तेही टोचत होतं.

फ्लोराबाई सव्वाअकराला आल्या. त्यांची टॅक्सी नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच थांबली होती, आणि सेगुलाबाईंनी नेहमीप्रमाणे ती पडद्याआडून पाहिली होती.

"चालत आलात, वन्सं?"

"शेवटचं थोडं," फ्लोराबाई म्हणाल्या आणि डबीकडे बघून भुवई उंचावली. "हा रेडिओ? मला वाटलं सुपारीची डबी."

मग वरच्या मजल्यावरचा मिलिंद आला. मिलिंद पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, आठवड्यातले तीन दिवस ट्रेनने बेसिंगस्टोकला जातो. त्याची बायको मनीषा महिनाभर माहेरी गेली होती, तेव्हापासून त्याचं शनिवारचं जेवण इथे. सेगुलाबाईंना त्याचा दुसराही उपयोग होता. शब्बाथला दुसऱ्याला 'हे कर' म्हणून सांगता येत नाही. पण जो आपल्यातला नाही, त्याच्यासमोर नुसती तक्रार करायला हरकत नाही. "किती अंधारलंय नाही?" म्हटलं, आणि समोरच्याने आपल्या मनाने दिवा लावला, तर तो त्याचा चांगुलपणा. मिलिंदला दिव्याचं कळायला दोन शनिवार लागले होते. हीटरचं अजून कळलं नव्हतं. बाई "काय गारठा आहे" म्हणाल्या की तो वर जाऊन आपलं स्वेटर आणून द्यायचा.

बाराला दहा कमी असताना एलिजाकाका परतले. कोट खुंटीला लावला, सगळ्यांना 'शब्बाथ शालोम' म्हटलं आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसले. डबीत कोणी तरी रस्त्यांवरच्या गर्दीचं सांगत होतं, आणि ते वाक्य अर्ध्यावर तुटलं.

मग काहीच नाही. नुसतं भिंतीवरचं घड्याळ.

सेगुलाबाई डबीजवळ गेल्या. वाकल्या. टॉवेलाचं टोक तर राहिलं नाही ना पाहिलं. कान जवळ नेला. मग सावकाश मान वळवून नणंदेकडे असं बघितलं, की दृष्ट लागते ती कशी लागते, ते तिथे बसलेल्या कुणालाही समजावं.

"कार्यक्रम रद्द केला असेल हो," फ्लोराबाई प्रेमाने म्हणाल्या. "होतं असं. मनाला लावून घेऊ नका, वहिनी."

ईवाने हात पुढे केला. म्हणाली, की एक सेकंदाचं काम आहे. सेगुलाबाई म्हणाल्या, की ईवा, हात मागे. माझ्या डोळ्यांदेखत नाही, माझ्या पाठीमागेही नाही. ईवा म्हणाली, की मग मी काय करू? तर म्हणाल्या, बस. ईवा बसली.

आणि सेगुलाबाई मिलिंदकडे वळल्या. चेहऱ्यावर अगदी पाहुणीबाईचं हसू आणलं.

"मिलिंद, घरात किती शांत वाटतंय नाही?"

"हो ना काकू," मिलिंद म्हणाला आणि सोफ्यावर मागे टेकला. "मी मनीषाला कालच म्हटलं, काकूंकडे गेलं की डोकं कसं शांत होतं."

सेगुलाबाईंनी दात आवळले. खोलीतून एक फेरी मारली. परत आल्या.

"इतकी शांतता बरी नव्हे म्हणतात. माणसाला रोग होतो."

मिलिंदने फोन काढून तसं खरंच असतं का ते शोधायला घेतलं. बाराला पाच कमी होती.

शेवटी सेगुलाबाई छताकडे बघून, कुणाचंही नाव न घेता म्हणाल्या, की काही काही माणसं कॉम्प्युटर शिकतात, सातासमुद्रापलीकडे येतात, पापलेट खातात, आणि त्यांच्यासमोर एखादी डबी मुकी झाली तरी त्यांना पत्ता नसतो. तेव्हा मिलिंद उठला. "अरे, रेडिओ होय," म्हणाला आणि ईवाचा जुना फोन हातात घेतला. फोनने त्याच्याकडे चार आकडी कोड मागितला.

मिलिंदने ईवाकडे पाहिलं. ईवाने आजीकडे पाहिलं. कोड सांगितला म्हणजे 'उघड' म्हटल्यासारखंच झालं, असं आजीच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. ईवाने मग आजीचीच युक्ती वापरली. ती पडद्याकडे बघून म्हणाली, "काही काही लोक कोड ठेवतात आपल्या ग्रँडमदरचा जन्मसाल. इझी टु रिमेंबर."

मिलिंदला हे लगेच कळलं. हीटर कळत नाही, पण हे कळलं. त्याने सरळ विचारलं, "काकू, तुमचं साल कोणतं?"

"एकोणपन्नास," सेगुलाबाई म्हणाल्या.

फोन थरथरला. चूक.

ईवा छताकडे बघायला लागली. फ्लोराबाईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला. हे साल त्या लग्नापासून ऐकत आल्या होत्या. एलिजाकाका सत्तेचाळीसचे, नवरी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, असंच झिराडकरांना सांगण्यात आलं होतं. फ्लोराबाईंना ते तेव्हाही पटलं नव्हतं.

"फोन खोटं बोलत नाहीत, वहिनी," त्या म्हणाल्या.

सेगुलाबाई म्हणाल्या, की त्या काळी कोण लिहून ठेवत होतं, अठ्ठेचाळीसही असेल. मिलिंदने अठ्ठेचाळीस दाबलं. फोन पुन्हा थरथरला, आणि आता थोडं थांबा म्हणाला. बारा वाजले. आत कुठे तरी, इंटरनेटच्या पोटात, पुष्करचा आवाज 'नमस्कार मंडळी' म्हणत होता, पुष्कर टेस्कोत कांदे बघत होता, आणि सेगुलाबाई आपल्याच बैठकीच्या खोलीत आपल्याच वयाच्या दारात अडकून उभ्या होत्या. एका हाताला रेडिओ, दुसऱ्या हाताला साल. एक अब्रू वाचवायची तर दुसरी जाते. त्यांनी पदर खोचला, पुन्हा सोडला, पुन्हा खोचला.

"माझी आई सांगायची," त्या अखेर खिडकीला उद्देशून म्हणाल्या, "की मुंबईत खलाशांनी बंड केलं, गोऱ्यांच्या बोटी ताब्यात घेतल्या, रस्त्यावर गोळीबार चालला होता, आणि सुईण तीन तास उशिरा आली."

मिलिंदने शाळेतला इतिहास आठवला. बोटांवर काही तरी मोजलं. त्याने आकडे दाबले. फोन उघडला.

फ्लोराबाई सत्तेचाळीसमधून सेहेचाळीस वजा करत होत्या, आणि ते गणित त्यांच्या चेहऱ्यावर दिव्यासारखं लागलं.

"म्हणजे दादापेक्षा मोठ्या," त्या हळूच म्हणाल्या. "ऐकलंस का रे, दादा?"

"ऐकतोय," एलिजाकाका खिडकीकडे बघत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मंद हसू होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काय असतं याकडे कुणी सहसा लक्ष देत नाही, तसं तेव्हाही दिलं नाही.

इकडे मिलिंद गोंधळला होता. म्हणाला, "काकू, रेडिओ चालूच आहे. हे बघा, मिनिटं पुढे सरकतायत. प्रोग्रॅम सुरू झालाय."

सेगुलाबाई म्हणाल्या, की मिनिटं सरकून काय करायचीत, आवाज कुठाय? मग जीभ चावली, कारण हा सरळ प्रश्न झाला. आणि पुन्हा छताला म्हणाल्या, की काहींचा आवाज फारच बारीक असतो. मिलिंदने आवाज शेवटपर्यंत वाढवला.

एलिजाकाका खुर्चीत दचकून ताठ झाले. "हळू, हळू," म्हणाले. "कान फुटेल."

"मी अजून तोंडही उघडलं नाहीये," सेगुलाबाई त्यांच्यावर कडाडल्या. काकांनी दोन्ही हातांनी खाली-खाली अशी खूण केली. मिलिंदला वाटलं, घरात भांडण नको म्हणून म्हातारा विनवतोय. त्याने आवाज पुन्हा खाली आणला. काका मागे टेकले.

मग मिलिंदने डबीची वायर काढून पुन्हा घातली. डबीतून एक इंग्रज बाई म्हणाली, की मी तयार आहे, मला कोणाशी तरी जोडा.

"तुमच्याशी बोलतेय ती," फ्लोराबाई म्हणाल्या.

सेगुलाबाईंनी ओठ घट्ट मिटले. यंत्राला उत्तर देणं म्हणजे बटण दाबणंच, तोंडाने दाबलं एवढंच. इंग्रज बाईने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारून ती कंटाळून गप्प झाली. मिलिंदने फोन बंद करून चालू करू का असं स्वतःशीच म्हटलं, आणि ईवा ओरडली की नको, मग सगळं जाईल. फ्लोराबाई म्हणाल्या, की गेलंच आहे, जेवून घेऊ या. सव्वाबारा झाले होते. सेगुलाबाई खोलीभर येरझाऱ्या घालत होत्या. खुर्ची ढकलून आत सारत होत्या, ओढून बाहेर काढत होत्या. बुधवारी आपण काय काय बोललो ते त्यांना तुकड्यातुकड्यांनी आठवत होतं. आता टॉवेलाचं सांगत असेन. आता हलव्याचं. सगळ्या लंडनमधली मराठी घरं आपलं ऐकतायत, फक्त जिच्यासाठी हा खटाटोप केला ती इथे बसून कोशिंबिरीतले दाणे मोजतेय.

आणि खिडकीजवळ म्हातारा मध्येच मान डोलावत होता. मध्येच खुदकन हसला. एकदा रुमाल काढून डोळे पुसले. सेगुलाबाईंनी जाता जाता त्याच्या गुडघ्यांवर शाल टाकली. थंडीत चालत गेलं की पाणी येतंच डोळ्यांतून.

"बायकोची अब्रू जातेय आणि हे झोपेत हसतायत," त्या म्हणाल्या. "अहो, ऐकताय का?"

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

एवढ्या वर्षांत त्यांनी सेगुलाबाईंना गप्प राहा असं कधी खुणेनेसुद्धा सांगितलं नव्हतं. त्या खरोखरच गप्प झाल्या. आणि खोलीत पहिल्यांदाच कुणीच बोलत नव्हतं, म्हणून मिलिंदला फोनवरची बारीक अक्षरं नीट वाचता आली.

"काकू," तो म्हणाला, "आवाज डबीत जातच नाहीये. इथे लिहिलंय. एलिजा, डावा कान. एलिजा, उजवा कान."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले. एलिजाकाकांनी डोळे उघडले, एक लांब श्वास सोडला आणि गाण्याच्या बैठकीतून उठावं तसे खुर्चीत सरळ झाले.

"छान झाला," ते म्हणाले.

मग उलगडा झाला. ईवाने कपाळावर हात मारला. एकच फोन, त्यालाच आजोबांचे कान जोडलेले, त्यालाच आजीची डबी. काल शेवटी डबी जोडली म्हणून आवाज डबीत गेला. सकाळी आजोबा घराबाहेर पडले, कान घेऊन गेले. परत आले, आणि फोनला वाटलं, आता हे आलेत, आवाज यांनाच द्यावा. मिलिंद म्हणाला, की जो शेवटी दारातून आत येतो, तो फोनचा लाडका.

"जावयासारखं," सेगुलाबाई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात नेहमीचा झणका नव्हता. "अहो, मग सांगायचं नाही का?"

"सांगत होतो. हळू म्हटलं, ऐकतोय म्हटलं," काका म्हणाले. "आणि मला वाटलं, सगळ्यांनाच ऐकू येतंय. तरी तुम्ही इतका गोंधळ का घालताय ते कळेना."

फ्लोराबाई अजून हार मानायला तयार नव्हत्या. चष्मा नाकावर सरळ करत त्या म्हणाल्या, की दादा कधी खोटं बोलत नाही हे खरं, पण तो पडला नवरा. आणि आपल्या धर्मात एकाची साक्ष चालत नाही. साक्षीला दोघं लागतात.

एलिजाकाकांनी थोडा विचार केला. मग एका बोटाने एक कान दाखवला, दुसऱ्याने दुसरा.

"डाव्यात आली," ते म्हणाले. "उजव्यातही आली. दोघंही तेच सांगतायत."

मिलिंदला ठसका लागला. फ्लोराबाईंनी मग दुसरीकडून सुरुवात केली. बरं, आल्या तर आल्या, पण बोलल्या काय? काकांनी एकेक आठवून सांगितलं. रेडिओवर टॉवेल टाकतो ते सांगितलं. पुष्कर खूप हसला. मग चिकाच्या हलव्याचं सांगितलं, गहू किती दिवस भिजवायचे, चीक कसा काढायचा.

"आणि म्हणाली, हा हलवा मला आईने नाही शिकवला, सासूने नाही शिकवला. माझी नणंद फ्लोरा बँकेतून दमून यायची, आणि माझ्याशेजारी उभी राहून ढवळायची. तिचा हात मला अजून जमलेला नाही."

फ्लोराबाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. त्या संध्याकाळी शब्बाथ संपल्यावर घरी पोहोचल्या पोहोचल्या त्यांनी पिनरमधल्या प्रत्येक ओळखीच्या घरी फोन केला, आणि आपल्या वहिनीची मुलाखत किती सुंदर झाली, ते शब्दन् शब्द सांगितलं. आपण ती ऐकली नाही, एवढं तेवढं गाळलं. सेहेचाळीस सालाचंही गाळलं.

पण ते नंतरचं. तेव्हा त्या घसा साफ करून एवढंच म्हणाल्या, "आणखी काय म्हणाल्या?"

"आणखी," काका म्हणाले, "शेवटी त्याने माझ्याबद्दल विचारलं."

"जेवण गार होतंय," सेगुलाबाई म्हणाल्या.

जेवण कालपासून गार होतं. पण त्यांनी ज्या घाईने पापलेटाचं ताट उचललं, ते बघून कुणी पुढे विचारलं नाही. काकाही बोलले नाहीत. ते रेडिओवर झालंय, म्हणाले, ज्याला ऐकायचं होतं त्याने ऐकलं.

नोव्हेंबरात दिवस लवकर बुडतो. चांदण्या दिसल्या, फ्लोराबाई गेल्या, टॅक्सी या वेळी दारापर्यंत आली. सेगुलाबाईंनी दिवा लावला, नळ सोडला आणि ताटं विसळायला घेतली. ईवा बाहेर आजोबांच्या कानांची आणि डबीची फारकत करत बसली होती. मधलं दार बंद होतं. नळ वाहत होता. सेगुलाबाईंना बुधवारचं आपलं शेवटचं वाक्य राहून राहून आठवत होतं. पुष्कर म्हणाला होता, काकांबद्दल दोन शब्द. आणि त्या म्हणाल्या होत्या, त्यांना ऐकू येत नाही म्हणून सांगते, फार चांगला माणूस पदरात पडला. पण त्यांना सांगू नका, डोक्यावर बसतील.

"आता बसणार म्हातारा डोक्यावर," त्या ताटाला म्हणाल्या, ओठांतल्या ओठांत.

"नाही बसत," बंद दारापलीकडून एलिजाकाका म्हणाले.

सेगुलाबाईंचा हात थांबला. त्यांनी नळ बंद केला. दाराकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. मग अगदी श्वासाइतक्या हलक्या आवाजात विचारलं, की हे असं कधीपासून ऐकू येतंय?

"नवी यंत्रं बसवली तेव्हापासून," पलीकडून उत्तर आलं. "तीन आठवडे झाले. फार स्वच्छ आहेत."

तीन आठवडे. सेगुलाबाई ओट्याला टेकल्या. या तीन आठवड्यांत त्या या ओट्याशी उभ्या राहून काय काय पुटपुटल्या होत्या, ते एकामागून एक आठवायला लागलं. नवऱ्याच्या सूप पिण्याच्या आवाजाबद्दल. त्यांच्या बहिणीबद्दल. बहिणीच्या पर्सबद्दल. परवाच्या त्या पायजम्याबद्दल. म्हातारा तीन आठवडे सगळं ऐकत होता आणि खिडकीबाहेर बघत होता.

त्यांनी ओट्यावरचा तो जाड टॉवेल उचलला, आणि आता हा रेडिओवर टाकावा की नवऱ्यावर, याचा विचार करत बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मनातल्या मनात.